चालणारी मुलगी पाहिजे

माझ्यासाठी आलेल्या स्थळांपैकी एकानं हुंडा मागितला नाही, सोनं मागितलं नाही, मानपानाचं तर नावही काढलं नाही. त्याची अट एकच होती. मुलगी चालणारी पाहिजे.

हा निरोप घेऊन आले ते आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पलटणीतले जोडीदार. दोघं एकदमच फौजेतून पेन्शनीवर आले. आबा कोरेगावच्या बाजूला आमच्या गावी परतून उसाच्या मागं लागले आणि हे गृहस्थ कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिले. त्याच कारखान्यात मुलगा इंजिनियर होता. रोज स्कूटरवरून येताना-जाताना यांच्या कडक सलामाला मान हलवायचा. एवढ्या ओळखीवर यांनी माझं लग्न ठरवायला घेतलं होतं.

"चालणारी म्हंजे पांगळी नगं, येवढंच न्हवं?" आई चुलीपुढून म्हणाली. "ते तर समदेच म्हणत्यात."

"तसं न्हवं वैनी. त्यास्नी डोंगराचा नाद हाय. सुट्टी घावली की पाठीला पिशवी लावून निघत्यात. सांगलीत तसल्या लोकांचं मंडळच हाय. बायकूबी संगं चालणारी पायजे म्हणत्यात."

"आन डोंगरावर जाऊन काय करत्यात?"

"काय न्हाई. वर जायाचं आन खाली यायाचं."

आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दारू, पत्ते आणि तमाशा यांच्या शेजारी डोंगर ठेवून तिनं तुलना केली असावी. डोंगर तिला परवडला.

बघण्याचा कार्यक्रमही आमच्याकडं होणार नव्हता. पोहे, चहाचा ट्रे, खाली मान, 'स्वयंपाक येतो का' हे सगळं मुलाला जुनाट वाटायचं. तो नव्या विचारांचा होता. दिवाळीनंतर त्याचं मंडळ पाटणच्या पुढं कोयनेच्या खोऱ्यात एका गावात पदभ्रमण महोत्सव भरवणार होतं. एक दिवस डोंगर, एक दिवस जंगल आणि तिसऱ्या दिवशी समारोप. मुलीनं तिथं यावं, चालावं, आणि मुलगा तिला चालताना बघेल. आमच्या गावच्या बाजारात बैल असाच बघतात, पण त्याला कुणी नवे विचार म्हणत नाही.

मला तोवर हेच माहीत नव्हतं की चालणं हा छंद असू शकतो. आमच्या गावाला हायस्कूल नव्हतं. ते होतं खिंडीच्या पलीकडं, त्यामुळं जातानाही चढ आणि येतानाही चढ. अकरावीपर्यंत मी ती खिंड तुडवली. नंतर शिक्षिका झाले तर शाळा मिळाली ती माळावरच्या वस्तीची, तिथंही पायीच. दुष्काळाच्या साली आमचा अख्खा तालुका डोक्यावर हंडे घेऊन चालत होता, पण त्याला महोत्सव म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सांगलीचं मंडळ आमच्याकडं उशिरा पोचलं.

घरात दुभती जनावरं असल्यामुळं आईला निघता येईना. बाईमाणूस सोबत हवं म्हणून आत्ती निघाली. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून आमच्याकडंच. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. तिनं भाकरी बांधल्या, ठेचा बांधला. आबांनी फौजेतले बूट काढून दोन दिवस पॉलिश केले. मला साताऱ्याहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. साडीखाली ते घातल्यावर आत्ती बघत राहिली आणि म्हणाली, "बगळ्यावानी दिसतीस. असूंदे, पाय झाकून बस."

"बसायला न्हाई निघालो, आक्का," आबा म्हणाले. "चालायला निघालोय."

गावात पोचलो तर शाळेपुढं कमान, पताका, कर्णा. उद्घाटनाचे पाहुणे अजून यायचे होते. चालण्याच्या महोत्सवाचं उद्घाटन करायला ते जीपमधून आले, थेट व्यासपीठाच्या पायरीपर्यंत. भाषणात म्हणाले की आजच्या यंत्रयुगात माणूस चालणं विसरला आहे. समोर बसलेली माणसं आसपासच्या वाड्यांवरून डोंगर उतरून आली होती. त्यांनी माना डोलावल्या. चालणं विसरलेला माणूस कुठं तरी लांब असेल, बिचारा, असं त्यांना वाटलं असावं.

आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आत्तीला विचारलं, "तुमी समदे चालाय आलाय म्हणं. एस्टी चुकली व्हय? सांच्याला दुसरी हाय की."

"एस्टी न्हाई चुकली. पोरगी दाखवाय आणलीया," आत्ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग समोरच्या सुळक्याकडं. "डोंगराला?" त्यानं विचारलं.

भाषणं संपली आणि मुलगा समोर आला. दिसायला चांगला होता. उंच, गव्हाळ, दात स्वच्छ. फक्त त्याच्या अंगावर सामान फार होतं. गळ्यात दुर्बीण, दुर्बिणीवर शिट्टी, मनगटाला घड्याळासारखा बांधलेला कंपास, डोक्यावर कापडी टोपी, हातात लोखंडी टोकाची काठी, छातीवर 'मार्गदर्शक' असा बिल्ला. त्यानं आबांना नमस्कार केला, मग माझ्याकडं वळून माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"तुमची स्ट्राइड कशी आहे?"

स्ट्राइड म्हणजे टांग किती लांब पडते ते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तब्येतीची चौकशी असेल म्हणून मी म्हणाले, "बरी आहे."

"फस्क्लास आहे!" आबा मागून म्हणाले.

त्याची आईही आली होती. निळसर इरकल नेसलेली, जरा स्थूल, दोन्ही हात सतत गुडघ्यांवर. तिनं मला बघितलं, बूट बघितले, आणि हसून म्हणाली, "आमच्या घरी कपाट भरून आहेत असले. दमली असशील ना गं एसटीनं? बस."

तिच्याशेजारी बसले तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच डोंगराची चाल निघाली. सगळ्यांना ओळीत उभं करून त्यानं नियम सांगितले. एक शिट्टी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे धोका. कुणीही एकटं जायचं नाही. कुणीही वाट बदलायची नाही. आणि काही झालं तरी मार्गदर्शकाच्या पुढं जायचं नाही. आबा इतके खूश झाले की त्यांनी टाचा जुळवल्या. पेन्शनीवर आल्यापासून त्यांना कुणी असं बोललंच नव्हतं.

चाल सुरू झाली आणि थांबली. दर थोड्या वेळानं थांबत होती, कारण दर थोड्या वेळानं झाड येत होतं. झाड आलं की दोन शिट्ट्या, मग झाडाचं शास्त्रीय नाव, मग उपयोग. हिरड्यापाशी आम्ही इतका वेळ उभे होतो की हिरडाच कंटाळला असेल. एका सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "आता निसर्गाची शांतता ऐका," तो म्हणाला. मी डोळे मिटले. मला ऐकू आलं ते असं, "ही शांतता आपल्याला शहरात मिळत नाही. ही शांतता आपण जपली पाहिजे. या शांततेत एक प्रकारचं..." बराच वेळ तो शांततेवर बोलत राहिला, त्यामुळं तिला आत शिरायला जागाच मिळाली नाही.

थांबत थांबत चालायची मला सवय नव्हती. खिंडीत थांबलं की घंटा चुकायची. दोनदा मी नकळत पुढं गेले. दोन्ही वेळा मागून शिट्टी.

"मार्गदर्शकाच्या पुढं जायचं नसतं," तो हसून म्हणाला. दुसऱ्या वेळी हसला नाही.

निम्म्या चढावर एका जांभळाखाली त्याची आई बसली. बसली म्हणजे तिला बसवलं. सगळ्यांच्या जड पिशव्या तिच्याभोवती रचल्या गेल्या आणि तो म्हणाला, "आई, तू इथं थांब. येताना घेतो तुला."

सगळे निघाले. तिनं ज्या सवयीनं पिशव्या जवळ ओढून घेतल्या ते बघून मी थांबले.

"दर वर्षी इथंच असता?" मी विचारलं.

"डोंगर बदलतो गं. झाड बदलतं. मी असतेच." ती हसली. "याचे वडील होते तोवर घरी बसायची. ते गेले तर हा म्हणाला, आई, एकटी कशाला बसतेस, चल माझ्याबरोबर. आता इथं बसते."

"वर जावंसं नाही वाटत?"

"वाटतं की. पण गुडघे दुखतात, आणि तो म्हणतो, वर बघण्यासारखं काही नाही, आई."

आत्तीही मागं राहिली होती, ठेच लागली असं सांगून. मुळात तिला व्याख्यानं नको होती. तिनं डोंगराकडं बघितलं. जांभळाच्या उजवीकडून गुरांची एक आडवी वाट जात होती. गुरांची वाट चढ अंगावर घेत नाही, वळणं घेत घेत सावकाश वर जाते. आमच्या खिंडीतही तसलीच होती.

"चला तर मग," आत्ती म्हणाली. "गुडघं दुखलं की बसू. कुणाला गाडी पकडायची हाय हितं?"

"आणि पिशव्या?" त्याच्या आईनं घाबरून विचारलं.

"पिशव्या काय चालाय लागत न्हाईत."

आम्ही तिघी निघालो. चार पावलं चालायचो आणि बसायचो. बसलो की ती बोलायची. लग्न झालं तेव्हा ती सांगलीजवळच्या खेड्यातून टांग्यानं आली होती, तेव्हापासून आपल्या पायानं कुठं गेल्याचं तिला आठवत नव्हतं. देवळात गेली तर दिरांच्या मागं, बाजारात गेली तर नवऱ्याच्या मागं. एका वळणावर तिनं माझा हात धरला आणि पुढं सोडलाच नाही. हात घामेजलेला होता, पण पकड चांगली घट्ट होती.

माथ्यावर पोचलो तेव्हा मुलाचं भाषण रंगात आलं होतं. सगळे गोल बसले होते आणि तो मध्ये उभा राहून सांगत होता की डोंगर प्रत्येकाला वर येऊ देत नाही. ज्याच्यात जिद्द आहे, शिस्त आहे, शारीरिक क्षमता आहे, तोच माथा गाठतो. त्याच्या पाठीमागून त्याची आई आली आणि दगडावर टेकली. लोक त्याच्याऐवजी तिच्याकडं बघायला लागले तेव्हा तो वळला.

"आई? तू?" तो म्हणाला. "पिशव्या कुणाजवळ आहेत?"

खाली कोयनेचं पाणी पसरलं होतं. डोंगरांच्या बोटांमधून आत आत शिरलेलं, उन्हात पांढरं झालेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग कुणालाही उद्देशून नाही अशी म्हणाली, "केवढं पाणी आहे. आणि हा म्हणायचा, बघण्यासारखं काही नाही."

तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, हे मी कुणाला दाखवलं नाही. मी मुलगी होते, मला दाखवायला आणलेलं होतं, आणि रडकी मुलगी कुणाला चालत नाही.

थोड्या वेळानं तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघा, ग्रुप सोडून वेगळी वाट घेणं बरोबर नाही. याला एक शिस्त असते."

"त्या वर आल्या की पण," मी म्हणाले.

"प्रश्न तो नाही."

"मग कुठला आहे?"

त्यानं मनगटावरच्या कंपासात पाहिलं. उत्तर तिथंही नसावं.

डोंगराच्या दुसऱ्या दिवशी जंगलाची चाल होती. जंगलात चढ नव्हता, त्यामुळं त्याची आईही निघाली, आणि या वेळी तिनं पिशवी धरायला साफ नकार दिला. आमच्याबरोबर सांगलीचे एक वकील होते. त्यांना प्रत्येक गोष्टीची खात्री करून घ्यायची सवय होती. बाकी मंडळी दमलेली.

दुपारपर्यंत सगळं नियमानुसार चाललं. मग जेवणानंतर मार्गदर्शकाला वाटलं की आल्या वाटेनं परत जाण्यात काही शास्त्र नाही. कंपासाच्या आधारे पूर्वेकडं सरळ जंगल कापून गावात उतरायचं, त्याला खरं भ्रमण म्हणतात.

"गाव उगवतीला न्हाई, दक्षिणंला हाय," आबा म्हणाले.

"काका, कंपास आहे ना."

"आमी बर्फात वाट काढलीया, साहेब. कंपाशीबिगर."

"इथं बर्फ नाहीये, काका."

"त्येच म्हणतोय. हितं तर सोपंच हाय."

दोघंही एकमेकांना मान देत होते, म्हणून भांडण लवकर संपेना. शेवटी दोघांच्या मधली एक दिशा निघाली. ती गावाकडं जात नाही, यावर नंतर दोघांचं एकमत झालं. कारवीच्या झुडपांत आम्ही शिरलो. डोक्याहून उंच, दाट, पुढच्या माणसाची फक्त टोपी दिसायची. खूप वेळ चालून एका पडलेल्या खोडापाशी आलो, आणि आणखी खूप वेळ चालून पुन्हा एका पडलेल्या खोडापाशी आलो.

"हे मघाचंच झाड आहे का?" वकिलांनी विचारलं.

"जंगलात झाडं एकसारखी असतात," मार्गदर्शक म्हणाला.

आत्तीनं खोडाशेजारी वाकून पाहिलं. मघाशी वकिलांनी मोसंबी खाल्ली होती. "आन ह्या सालीबी एकसारख्याच व्हय?" तिनं विचारलं.

कुणी हसलं नाही. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, ऊन कलायला लागलं होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याच्या आईचं तोंड सुकलं होतं. मुलाचाही चेहरा उतरला होता. शिट्टी तोंडाजवळ नेऊन तो परत खाली सोडत होता. कुठली वाजवावी हे त्याला ठरवता येत नसावं. त्या क्षणी मला त्याची दया आली. दया आली तरी माणूस थोडा आवडायला लागतो, आणि मला वाटतं, तो मला तेवढ्यापुरता आवडला होता.

इतक्यात पुढच्या कारवीत काही तरी हललं. काळं, भलंमोठं. पाठ दिसली, शिंग दिसलं. तीन शिट्ट्या वाजल्या.

"गवा!" तो कुजबुजला. "कुणी हलायचं नाही. खाली बसा. डोळ्यात बघू नका."

सगळे बसले. सांगलीतली सुशिक्षित मंडळी पालापाचोळ्यात बसली, श्वास रोखून. वकिलांनी डोळे मिटून घेतले. आबांनी एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या आईला मागं दाबून धरलं. आदल्या दिवशी जी शांतता मिळाली नव्हती ती अखेर मिळाली, आणि त्या शांततेत 'ठण' असा आवाज आला. मग पुन्हा, ठण ठण.

"आवं पावनं," आत्ती हलक्या आवाजात म्हणाली, "गव्याच्या गळ्यात घंटा असती व्हय?"

कारवी बाजूला झाली आणि म्हैस बाहेर आली. तिनं खाली बसलेल्या लोकांकडं पाहिलं. असं काही तिनं पूर्वी बघितलं नसावं. थोडा वेळ रवंथही थांबवलं. मग आमच्यातून वाट काढत पलीकडं निघाली.

"कास बघ कशी तटतटलीया," आत्ती मला म्हणाली. "धारंची येळ झाली. आता ही कुटं थांबायची न्हाई, घरलाच जाणार. ऊठ."

मी उठले. एक फोक मोडून घेतला आणि म्हशीमागं निघाले.

"थांबा!" मागून आवाज आला. "मार्गदर्शकाच्या पुढं जायचं नाही!"

"मी कुठं पुढं आहे?" मी वळून म्हणाले. "पुढं म्हैस आहे."

हे बोलायला नको होतं असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. पण तेव्हा मला फक्त तिचं शेपूट डोळ्याआड होऊ द्यायचं नव्हतं. मी, माझा हात धरून त्याची आई, मग आत्ती, आबा, वकील, मंडळ, आणि सगळ्यात शेवटी बिल्ला लावलेला मार्गदर्शक, असे आम्ही एका ओळीत जंगलातून उतरलो. म्हैस मधून मधून थांबायची, पण झाडांची नावं सांगायची नाही. सूर्य डोंगराला टेकायच्या आत समोर कौलं दिसली, धूर दिसला, आणि अंगणात हातात चरवी घेऊन उभी असलेली एक बाई.

"आगं बया," ती म्हणाली. "आज लय जणांनी राखली माझी म्हस."

तिनं सगळ्यांना पाणी दिलं. धार काढून त्याच दुधाचा चहा केला. शाळा तिच्या घराच्या खालीच होती. पताका दिसत होत्या.

"म्हणजे आपण योग्य दिशेनंच येत होतो," मार्गदर्शक चहा पिता पिता म्हणाला. वकिलांनी कपातून वर पाहिलं, पण त्यांनाही आता खात्री करून घ्यायची इच्छा उरली नव्हती.

समारोपात त्याचा सत्कार झाला. अहवालात त्यानं वाचून दाखवलं की सदस्यांना घनदाट अरण्यात वन्य परिसरातील पशुजीवनाचं अगदी जवळून निरीक्षण करता आलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

निघताना त्याच्या आईनं माझी ओटी भरली. घरी येताना एसटीत आबा आणि आत्ती दोघंही म्हणाले, पोरगी पसंत पडली, यात शंका नको. मलाही तसंच वाटत होतं, आणि ते वाटणं नकोसं नव्हतं, हे कबूल करायला हरकत नाही. स्कूटर, सांगली, शांतता समजावून सांगणारा नवरा. बायका याहून वाईट गोष्टींबरोबर संसार करतात.

पंधरवड्यानं आबांचे जोडीदार आले. पाणी पिऊन, टोपी काढून, पुन्हा घालून झाल्यावर बोलले.

"पोरगी समद्या बाजूनं चांगली हाय म्हणाले. शिकल्याली हाय, तब्येत चांगली हाय. पर..."

"पर काय?"

"लय पुढं पुढं चालती म्हणाले."

आबा उठले. "चालणारीच पायजे म्हणला हुता न्हवं? येवढ्या लांब न्हेऊन चालवून दावली की!"

"व्हय, पर त्यास्नी संगं चालणारी पायजे. म्हंजे... जरा मागनं."

"मग तसं आधी सांगायचं," आई म्हणाली. "आमच्याकडच्या समद्या मागनंच चालत्यात. हिलाबी सांगितलं असतं चार दिस."

आत्ती हसायला लागली ती थांबेना. मी आत गेले. हसू मलाही येत होतं, पण माळावरच्या शाळेत जाताना दुसऱ्या दिवशी मी आपोआप हळू चालायला लागले. माझ्याच पावलांकडं बघायला लागले. लांब पडतात का, आवाज होतो का. नकार सगळ्यांना येतात. काळी म्हणून येतात, ठेंगणी म्हणून येतात. त्यावर रडून मोकळं होता येतं. मी पाय टाकते म्हणून नकार आला होता आणि पाय तर रोजच टाकायचे होते. काही आठवडे ती टोचणी राहिली. मग परीक्षा आल्या, वस्तीवरची पोरं नापास होण्याच्या तयारीला लागली, आणि मी पुन्हा भराभर जायला लागले.

पुढच्या दिवाळीआधी एके दुपारी आमच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. सांगलीहून एसटीनं, एकटी. त्याची आई होती.

"माझ्या मुलाबद्दल मी काही बोलणार नाही," ती ओट्यावर टेकत म्हणाली. "तो इंजिनियर आहे, त्याला काय कळतं ते त्याला कळतं. मी माझ्या कामासाठी आले आहे. यंदा आमच्या गल्लीतल्या बायका महोत्सवाला यायचं म्हणतात. मी त्यांना त्या पाण्याचं सांगितलं ना. पण शिट्टीमागं चालणार नाही म्हणतात. तू नेशील?"

मंडळात तिनं काय केलं होतं ते नंतर कळलं. बैठकीत जाऊन ती बसली आणि बायकांची वेगळी तुकडी मान्य होईपर्यंत उठली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

आबांना पेच पडला. ज्या घरानं नाकारलं त्या घरच्या बोलावण्यावर जायचं कसं? आईचं म्हणणं, लोक काय म्हणतील. आत्ती आतून भाकरीचं फडकं घेऊन आली आणि विचारलं, "कवा निघायचं?"

म्हणून मी गेले. त्या वर्षी मुलाचं लग्न झालेलं होतं, मिरजेची मुलगी होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तिला चालणं आवडत नाही, ती शाळेतच थांबेल आणि स्वयंपाकावर लक्ष ठेवेल. त्याला ते पसंत पडलं. दोघं सुखी दिसत होते. त्यानं मला नमस्कार केला, मी त्याला केला. माझ्या छातीवरही आता बिल्ला होता, त्यामुळं आम्ही सहकारी होतो.

माझ्या तुकडीतल्या बायकांना झाडांची शास्त्रीय नावं नको होती. त्यांना हे झाड कशावर चालतं ते हवं होतं, आणि ते आत्ती सांगायची, निम्मं ठाऊक असलेलं आणि निम्मं तिथल्या तिथं रचलेलं. शिकेकाईच्या वेलापाशी पोचल्यावर माझी तुकडी फुटली. परत आलो तेव्हा प्रत्येकीच्या पदरात ओझं होतं. मंडळानं तातडीची बैठक घेतली. निसर्गातून काही न्यायचं नसतं, फक्त बघायचं असतं, असा खुलासा अध्यक्षांनी केला. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या पत्नी मागच्या रांगेत शेंगा निवडत होत्या.

मी आणखी काही वर्षं त्या महोत्सवाला जात राहिले, माझं लग्न होऊन बदली होईपर्यंत. नवरा साताऱ्याला कचेरीत होता. चालण्याबद्दल त्याची काही अट नव्हती, त्याच्याकडं सायकल होती.

एका वर्षी नावं नोंदवायच्या वेळी ते वकील माझ्याकडं आले. इकडंतिकडं बघून म्हणाले की पुरुषांची तुकडी यंदा पुन्हा जंगल कापून जाणार आहे असं ऐकलं, तर नियमात बसत असेल तर त्यांना बायकांच्या तुकडीत यायचं आहे. मी आत्तीकडं पाहिलं. तिनं त्यांना विचारलं, चुलीला लाकडं फोडता येत्यात का? त्यांना येत नव्हती. तरी आम्ही त्यांना घेतलं.